जुन्याच्याही मागे

1880 साली यांग शौजिंग नावाचा एक चिनी पंडित तोक्योला आला. चीनच्या वकिलातीत त्याला काम होतं, पण जपानच्या अक्षरकलेच्या इतिहासात त्याचं नाव राहिलं ते त्याने बरोबर आणलेल्या सामानामुळे. त्या सामानात शिलालेखांचे ठसे होते, दहा हजारांहून अधिक. उत्तर चीनमध्ये चौथ्या ते सहाव्या शतकात कोरलेले लेख त्यांत भरपूर होते: लेण्यांतल्या बुद्धमूर्तींशेजारचे दानलेख, थडग्यांवरचे मजकूर, डोंगरकड्यांवरची थोराड अक्षरं. जपानमध्ये तोवर गिरवले जाणारे कित्ते बहुतेक सफाईदार, घोटीव वळणाचे असत. या ठशांतली अक्षरं टोकदार होती, कोनाकोनांची, छिन्नीचा मार खाल्लेली.

कुसाकाबे मेइकाकु हा सुलेखनकार तेव्हा चाळिशी ओलांडलेला, नुकताच सरकारी नोकरीतून बाहेर पडलेला. इवाया इचिरोकु आणि मात्सुदा सेक्का यांच्याबरोबर तो यांगकडे जाऊ लागला. यांगला जपानी येत नव्हतं आणि यांना चिनी बोलता येत नव्हतं. मग समोरासमोर बसून कागदावर चिनी मजकूर लिहूनच संभाषण चाले. प्रश्न कुंचल्याने, उत्तरही कुंचल्याने. अक्षरकलेची शिकवणी अक्षरांतूनच व्हावी, याहून चोख व्यवस्था ठरवूनही झाली नसती.

मेइजी क्रांतीला तेव्हा जेमतेम बारा वर्षं झाली होती. आगगाडी आली होती, तारायंत्र आलं होतं, सामुराईंच्या कमरेच्या तलवारी कायद्याने उतरल्या होत्या. पश्चिमेकडून काय काय घेता येईल याच्या मागे सगळा देश लागला होता. त्याच शहरात ही चार माणसं दीड हजार वर्षांपूर्वीच्या दगडांचे ठसे पसरून बसत, आणि जपानमधल्या आधुनिक अक्षरकलेचा आरंभ आज त्या बैठकांपासून धरला जातो. मेइकाकुच्या शिष्यांच्या शिष्यांनी विसाव्या शतकात जो धुमाकूळ घातला त्याचं मूळही तिथेच सापडतं. परंपरा एका पारड्यात, आधुनिकता दुसऱ्यात, आणि मध्ये आपण काटा धरून उभे, ही आपली नेहमीची मांडणी इथे कामाला येत नाही. शोदोत, म्हणजे जपानी अक्षरकलेत, नवं आलं ते बहुतेक वेळा जुन्याच्याही मागे जाऊन आलं.

शोदोत शिकणं कसं चालतं ते पाहिलं की हे उलगडतं. शिक्षणाचा गाभा म्हणजे रिनशो, थोरांचा कित्ता गिरवणं. त्याच्या तीन पायऱ्या सांगतात. आधी आकार हुबेहूब उतरवायचा. मग आकाराचा आग्रह सोडून लिहिणाऱ्याचा वेग, त्याचा कल, त्याचं मन पकडायचं. शेवटी कित्ता मिटून बाजूला ठेवायचा आणि स्मरणातून लिहायचं. नाव कमावलेली माणसंही रिनशो सोडत नाहीत. गवयाचा रियाज सुटत नाही तसंच ते. आणि ओढलेल्या रेघेवर पुन्हा कुंचला फिरवून डागडुजी करायची नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून असतो. पातळ कागद शाई तत्काळ पितो. हात कुठे थबकला, कुठे घाईला आला, कुंचल्यातली शाई कुठे सरत आली, सगळं कागदावर नोंदलं जातं. तयार नजरेच्या माणसाला हजार वर्षांपूर्वीच्या पत्रातही रेघांचा क्रम आणि वेग दिसतो. लिहिणं संपून गेलं तरी लिहिण्याची क्रिया तिथे उरलेली असते, आणि गिरवणारा ती क्रिया आपल्या खांद्या-मनगटातून पुन्हा एकदा घडवतो.

गंमत अशी की ज्याचा कित्ता सर्वांत जास्त गिरवला गेला त्या वांग शिजी या चिनी सुलेखनकाराच्या हातचं एकही अक्षर आज उरलेलं नाही. 353 साली त्याने लिहिलेली लान्तिंगची प्रस्तावना चीन-जपानमध्ये मानदंड समजली जाते, पण मूळ प्रत तांग सम्राट ताइझोंगबरोबर थडग्यात गेली अशी कथा आहे. उरल्या त्या नकला, नकलांवरून कोरलेले दगड, आणि त्या दगडांवरून घेतलेले ठसे. म्हणजे अस्सल म्हणून जिचा एवढा दबदबा त्या परंपरेच्या मुळाशी मूळ प्रतच नाही. पिढ्यान्‌पिढ्या माणसं ती आपल्या हाताने पुन्हा लिहीत राहिली म्हणून ती आहे. मला तर वाटतं, मूळ प्रत हाती असती तर लोकांनी ती काचेत ठेवून तिला नमस्कार केला असता आणि प्रकरण तिथेच मिटलं असतं.

गिरवण्याच्या या चिवटपणाचा एक धागा थेट आपल्या लिपीपर्यंत येतो. कूकाई हा भिक्षू 804 साली चीनला गेला, छांगआनमध्ये प्रज्ञ नावाच्या भारतीय भिक्षूकडे संस्कृत शिकला आणि 806 साली परतताना बौद्ध ग्रंथांबरोबर सिद्धम् लिपीचं ज्ञान घेऊन आला. जपानच्या पहिल्या तीन श्रेष्ठ सुलेखनकारांत त्याची गणना होते. कूकाईचाही कुंचला कधी चुकतो, अशा अर्थाची म्हण तिथे अजून चालते. सिद्धम् ही देवनागरीच्या भावकीतली लिपी. भारतात ती वापरातून गेली, जपानी मठांत मात्र भिक्षू ती कुंचल्याने लिहीत राहिले, ती ज्यांची त्यांचा उच्चार कधी कानावर न पडताही. अठराव्या शतकातल्या जिउन या भिक्षूने देशाचे दरवाजे बंद असताना, जपानबाहेर पाऊल न टाकता, संस्कृतच्या अभ्यासाचा सुमारे हजार खंडांचा संग्रह उभा केला, आणि त्याची सिद्धम् अक्षरं आज कलावस्तू म्हणून पाहिली जातात. जपानी स्मशानातल्या उंच लाकडी फळ्यांवर ही बीजाक्षरं आजही लिहिलेली दिसतात. देवनागरी वाचणाऱ्याची नजर त्यांतल्या एखाद्या वळणावर हमखास अडखळते. जपानी मूल आधी अ, इ, उ, ए, ओ आणि मग क, स, त, न, ह, म, य, र, व या क्रमाने आपली अक्षरं घोकतं, तो क्रमही याच अभ्यासातून तिथे रुजला.

हे सगळं शतकानुशतकं सुरळीत चालू असताना 1882 साली कोयामा शोतारो या तैलचित्रकाराने एका नियतकालिकात लिहून टाकलं की अक्षरलेखन ही कलाच नव्हे. अक्षरं ही भाषेची खूण. ती वाचता आली की त्यांचं काम झालं. चित्रासारखा छायाप्रकाश नाही, रंग नाही, आणि परदेशी विकून देशाला दोन पैसे मिळतील अशीही ती गोष्ट नाही. त्याला उत्तर दिलं विशीतल्या ओकाकुरा काकुझोने, जो पुढे वीस वर्षांनी कलकत्त्याला येऊन टागोर कुटुंबात रमला. कलेचं मोल पैशात करू नये, हा त्याचा मुद्दा ठणठणीत होता. वाद ओकाकुराने जिंकला असं आज आपण म्हणू, पण व्यवहारात कोयामाची सरशी झाली. 1907 साली सरकारी कलाप्रदर्शन सुरू झालं तेव्हा त्यात चित्र होतं, शिल्प होतं, अक्षर नव्हतं. अक्षराला त्या प्रदर्शनाच्या उत्तराधिकाऱ्यात, म्हणजे नित्तेनमध्ये, जागा मिळायला 1948 उजाडलं. साठ-पासष्ट वर्षं ‘तुम्ही कलावंत आहात का’ हा प्रश्न ज्यांच्या डोक्यावर टांगलेला होता, त्यांच्या हातून पुढे जे घडलं त्यात थोडी चीड असणार हे उघडच आहे.

मेइकाकुचा शिष्य हिदाई तेनराई. याने जुन्या कित्त्यांचा ध्यास घेतला आणि शिष्यांना आपल्या वळणाची नक्कल करू न देता मूळ ठशांकडे पाठवलं. गुरू बाजूला झाला की शिष्यांत काय काय उगवतं त्याचा हा उत्तम नमुना: उएदा सोक्यू, तेशिमा यूकेई, कानेको ओतेई आणि तेनराईचा मुलगा नानकोकु, चौघांची चार तोंडं चार दिशांना. 1945 साली नानकोकुने एक काम केलं त्याला आज अवांगार्द अक्षरकलेची पहिली कृती म्हणतात. काळ्या रेघा, ठिपके, वळसे. वाचायला जावं तर काही लागत नाही. हे त्याला सुचलं कसं? अडलास तर जुन्याकडे जा, ही वडिलांची शिकवण आठवून त्याने चिनी अक्षरांच्या प्राचीन रूपांचा कोश उघडला. त्यात विजेसाठीचं एक पुरातन अक्षर त्याला भेटलं, आणि त्या अक्षराची मोडतोड करत तो अमूर्ताशी पोचला. एकीकडे युद्ध हरलेला देश, दुसरीकडे बंडखोर मुलगा, आणि हातात बापाच्या सांगण्यावरून उघडलेला कोश.

1951च्या नित्तेनमध्ये उएदा सोक्यूने ‘प्रेम’ या अक्षराची एक कृती लावली, ती पाहणाऱ्यांना ‘माल’ या भलत्याच अक्षरासारखी दिसली आणि वादंग माजलं. पुढच्याच वर्षी, 1952च्या जानेवारीत, मोरिता शिर्‍यू, इनोउए यूइची आणि त्यांचे तीन सोबती क्योतोच्या र्‍योआनजी मंदिरात जमले आणि बोकुजिनकाई हा गट त्यांनी स्थापन केला. दगड-वाळूच्या त्या प्रसिद्ध बागेच्या साक्षीने बंड पुकारावं, हेही जपानी रीतीला धरूनच. मोरिताच्या ‘बोकुबी’ मासिकाच्या पहिल्याच अंकात न्यूयॉर्कच्या फ्रान्झ क्लाइनची काळीपांढरी चित्रं होती. दोन्ही बाजूंनी पत्रं जात-येत राहिली. क्लाइनने पुढे आपल्यावर जपानी प्रभाव असल्याचं नाकारलं, आणि एका अर्थी ते खरं होतं. तो पांढरा रंगही काळ्याइतकाच थापत असे, रेघ पुनःपुन्हा दुरुस्त करत असे. शोदोतल्या माणसाला हे दोन्ही वर्ज्य.

इथे खरी अडचण उभी राहिली. अक्षर सोडलं, तर चित्रकाराहून वेगळं आपल्यापाशी उरतं काय? इनोउए यूइचीने हा प्रश्न अंगावर घेतला. तो प्राथमिक शाळेतला मास्तर. 9-10 मार्च 1945च्या रात्री तोक्योवर बॉम्बवर्षाव झाला तेव्हा तो योकोकावा शाळेत रात्रपाळीला होता. आसऱ्याला आलेली सुमारे हजार माणसं त्या इमारतीत जळून, गुदमरून मेली. प्रेतांत बेशुद्ध पडलेला इनोउए वाचला. 1955च्या सुमारास त्याने अक्षर झुगारलं, शाई झुगारली. केराच्या झाडूसारख्या कुंचल्याने एनॅमलचे फराटे मारले. त्यांत जोर आहे, पण ते दुसऱ्या कुणी मारले असते तरी चाललं असतं असं मला नेहमी वाटतं. लवकरच तो अक्षराकडे परतला. 1956 साली त्याने ‘गुतेत्सु’ ही दोन अक्षरं लिहिली, शेवटपर्यंत निभावलेला वेडेपणा अशा काहीशा अर्थाची. पुढच्या वर्षी ती साओ पाउलोच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात गेली आणि तिथून हर्बर्ट रीडच्या आधुनिक चित्रकलेच्या इतिहासात.

इनोउए परतला ही माघार नव्हती. अक्षराची एक सक्ती असते. रेघांची संख्या ठरलेली, क्रम ठरलेला, सुरुवात कुठे आणि शेवट कुठे तेही ठरलेलं. त्या सक्तीविरुद्ध सगळं शरीर झोकून देता येतं. पूर्ण मोकळ्या कागदावर झोकायला समोर काही नसतं. ‘दारिद्र्य’ हे एकच अक्षर तो वर्षानुवर्षं लिहीत राहिला. ते कधी पाय फाकवून उभं राहतं, कधी कललेलं, कधी निघून चाललेलं. नापसंत कागद तो जाळून टाके. 1976मध्ये निवृत्त होईपर्यंत शाळेची नोकरी त्याने सोडली नाही. आणि 1945ची ती रात्र 1978 साली, तेहतीस वर्षांनी, त्याने कागदावर आणली: आधी घोटलेल्या वळणाचा मागमूस नसलेली, एकमेकांवर रेलणारी, धापा टाकणारी अक्षरं, पण शब्दन्‌शब्द वाचता येणारी. तो मजकूर अमूर्त असता तर नुसता काळोख राहिला असता. तेशिमा यूकेईच्या ‘होकाई’ या कृतीविषयी एक गोष्ट सांगतात: साओ पाउलोत एका ब्राझिली समीक्षकाने, लिपी येत नसतानाही, हे काहीतरी कोसळताना दिसतंय असं म्हटलं, आणि अक्षरांचा अर्थ होता कोसळणं. गोष्ट गोड आहे, म्हणूनच तिच्यावर मी फार भार टाकणार नाही. इनोउएच्या त्या कागदाला अशा दाखल्याची गरज पडत नाही.

या आरडाओरड्यात कानेको ओतेईचं काम झाकलं जातं, आणि माझ्या मते सर्वांत दूरचा पल्ला त्याने गाठला. 1900 साली सरकारने शाळांसाठी काना, म्हणजे जपानी ध्वनिलिपीतली अक्षरं, एका ध्वनीला एक अशी पक्की केली. त्याआधी एकाच ध्वनीसाठी कितीतरी आकार चालत. ते सगळे एका फटक्यात जुने झाले. सुलेखनकार मात्र ते आकार लिहीत राहिले. परिणाम असा की काना-लेखनाच्या प्रदर्शनात सुशिक्षित जपानी माणूस आपल्याच भाषेतल्या कवितेपुढे निरक्षर होऊन उभा राहतो. कानेकोने 1933 साली मांडलं की अक्षरकलेने आजची भाषा लिहावी: चिनी अक्षरं आणि काना यांची रोजची मिसळ, आजचे कवी, आजचं गद्य, रस्त्यावरच्या माणसाला वाचता येईल असं. चिनी अक्षरं ठोकळेबाज, काना लवचिक. दोघांना एका कागदावर नांदवायचं हे कसबाचं काम. त्यासाठी त्यानेही जुन्या ठशांतूनच वळणं शोधली. पण वळणापेक्षा त्याने मजकूर बदलला, आणि ते कुणी दंगा न करता पचवलं. आज माइनिची वृत्तपत्राच्या वार्षिक प्रदर्शनात या प्रकाराला स्वतंत्र विभाग आहे. शेजारी अवांगार्दलाही एक विभाग आहे, परीक्षक आणि बक्षिसांसकट. बंडाला रांग लावून फॉर्म भरायला लावण्याचं कौशल्य जपानी संस्थांकडून शिकावं.

साधनांच्या बाबतीत नवं-जुनं कसं बेमालूम मिसळतं ते पाहण्यासारखं आहे. नारा शहरात शाईच्या वड्या करतात: वनस्पती तेलाच्या दिव्यांवर धरलेली काजळी, जनावरांच्या कातडी-हाडांचा सरस, आणि हातापायांनी मळणं. सरस उन्हाळ्यात नासतो, म्हणून हा धंदा थंडीतला. वडी वाळवायची राखेत, मग काही वर्षं मुरवायची, आणि मग दगडावर पाणी घालून उगाळायची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बाटलीतली तयार शाई निघाली, कारण शाळेत मुलांचा अर्धा तास उगाळण्यातच जायचा. 1970च्या दशकात कुंचल्याच्या टोकाचं पेन आलं, आणि लग्न-मयताच्या पाकिटावर नाव लिहिण्यापुरतं का होईना, कुंचल्याचं वळण कचेरीतल्या खणात जाऊन बसलं. हिरोशिमाजवळचं कुमानो हे कुंचल्यांचं गाव. जपानमधले बहुसंख्य कुंचले तिथे बांधले जातात. लिहिणारे कमी झाले तसे तिथल्या कारागिरांनी केस निवडण्याचं तेच कसब मेकअपच्या ब्रशांत घातलं. 2011 साली विश्वचषक जिंकणाऱ्या महिला फुटबॉल संघाला सरकारी सन्मानाबरोबर कुमानोचे मेकअप ब्रशच दिले गेले. परंपरेचा चरितार्थ गालावरच्या रंगावर चालावा, यात नाक मुरडण्यासारखं मला काही दिसत नाही.

साधनं हटवादी असतात हे शाईत काम करणाऱ्या शिनोदा तोकोला न्यूयॉर्कमध्ये कळलं. 1956 ते 1958 ती तिथे राहिली. प्रदर्शनं झाली, नाव झालं, अमूर्त चित्रकारांच्या वर्तुळात ती सहज मिसळली. पण तिथल्या कोरड्या हवेत शाई फार लवकर वाळे. पाणी कागदात पसरायचं, काळ्यातून करड्याच्या छटा निघायच्या, ते घडेना. ती जपानच्या दमट हवेत परत आली आणि 2021 साली वयाच्या 107व्या वर्षी मरेपर्यंत त्याच शाईने काम करत राहिली. तिच्या रेघांत अक्षर नसतं बहुतेकदा, तरी मला त्या क्लाइनपेक्षा जुन्या काना-लेखकांच्या जवळच्या वाटतात. कुंचला कागदावरून उचलताना ती ज्या सावकाशीने उचलते ती सावकाशी चित्रकलेच्या शाळेत शिकवत नाहीत.

आता शिकोकु बेटावरच्या कागदाच्या गावात दरवर्षी शाळकरी मुलामुलींची स्पर्धा होते. 2008 साली ती सुरू झाली, त्यामागे मंदावलेला कागदधंदा सावरण्याची धडपडही होती. चार मीटर बाय सहा मीटरचा कागद जमिनीवर, गाणं लावलेलं, हाकामा हा पारंपरिक घोळदार पोशाख घातलेल्या मुली केरसुणीएवढे कुंचले घेऊन नाचत लिहितात. सहा मिनिटांत कागद उभा केला जातो. जाणकार याला तमाशा म्हणतात. मलाही तो थोडा मोठ्या आवाजातला वाटतो. पण ओली रेघ सगळ्यांदेखत ओढायची आणि चुकली तर तशीच उभी करायची, हा नियम त्या मुलींनी मोडलेला नाही.

1 एप्रिल 2019 रोजी नव्या सम्राटाच्या कालखंडाचं नाव जाहीर झालं, रेइवा. मंत्र्याने कॅमेऱ्यांसमोर धरलेली दोन अक्षरं मोझुमी नावाच्या सरकारी अधिकाऱ्याने कुंचल्याने लिहिली होती. नेमणुकीची पत्रं लिहिणं हेच त्याचं रोजचं काम. 1989 सालचा असाच ‘हेइसेई’चा कागद पुढे कितीतरी वर्षं तेव्हाच्या पंतप्रधानांच्या घरी पडून होता, आणि नंतर राष्ट्रीय अभिलेखागारात गेला. रेइवाबद्दल सरकारने अभिमानाने सांगितलं की कालखंडाचं नाव प्रथमच चिनी ग्रंथ सोडून ‘मान्योशू’ या जपानी संग्रहातून घेतलं आहे. अभ्यासकांनी लगेच दाखवून दिलं की त्या संग्रहातल्या ज्या प्रस्तावनेतून हे नाव घेतलं ती वांग शिजीच्या लान्तिंगच्या प्रस्तावनेच्या धर्तीवर लिहिलेली आहे. इकडे संगणकवाल्यांची वेगळीच धांदल उडाली. जपानी कागदपत्रांत कालखंडाची दोन्ही अक्षरं एका चौकटीत बसवलेली खूण लागते, आणि ती संगणकांना ठाऊक नव्हती. त्यासाठी मे 2019मध्ये युनिकोडची 12.1 ही आवृत्ती काढावी लागली. तिच्यात भर पडली ती एवढ्या एकाच चिन्हाची.